जुन्या लॅप स्टील गिटारचं साल कसं काढायचं

जुनी इलेक्ट्रिक लॅप स्टील गिटार हातात आली की बहुतेक जण ती उलटी करतात आणि नंबर शोधतात. नंबर सापडला, तो कुठल्यातरी तक्त्यात बसवला, साल निघालं, झालं. स्पॅनिश, म्हणजे छातीशी धरून वाजवायच्या नेहमीच्या गिटारच्या बाबतीत हे पुष्कळदा चालून जातं. लॅप स्टीलच्या बाबतीत मात्र फार वेळा फसतं. हे वाद्य कारखान्यांनी बहुतांशी शिकणाऱ्यांसाठी बनवलं. कित्येक नगांवर नंबर घातलाच नाही, काहींवर घातलेला नंबर पुढे दुसऱ्या नगांवर पुन्हा आला, आणि कुठला नंबर कुठल्या साली दिला याच्या वह्या कंपन्या बुडाल्या तेव्हा त्यांच्याबरोबर गेल्या. म्हणून साल काढायचं तर वाद्य उघडून अंगावरच्या खुणा एकेक वाचाव्या लागतात आणि त्या आपसांत पटतात का ते बघावं लागतं. नंबर ही त्यातली एक खूण, आणि माझ्या मते सगळ्यात शेवटी बघायची.

आधी वाद्य कोणतं ते. आपल्याकडे ज्याला हवाईयन गिटार म्हणतात तेच हे, फक्त पोकळ पेटीऐवजी भरीव लाकडाचं, धातूचं किंवा प्लास्टिकचं. मांडीवर आडवं ठेवायचं, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालायच्या आणि डाव्या हातातला पोलादी बार तारांवरून सरकवत वाजवायचं. तार पट्टीवर दाबायची नसते, म्हणून परदे नुसते रंगवलेले किंवा पट्टीच्या पातळीतच बसवलेले असतात. १९व्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर हे वादन रुजलं. त्याचं श्रेय बहुतेक जण जोसेफ केकुकू यांना देतात. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत हवाईयन संगीताचं वेड पसरलं. बेटांवरचे वादक जगभर फिरले. टाउ मो यांचं कुटुंब तर १९४० च्या दशकात कलकत्त्यात मुक्काम ठोकून होतं. पुढे हिंदी चित्रपटसंगीतात व्हॅन शिप्ली आणि हजारा सिंग यांनी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवलेल्या चालींच्या तबकड्या घरोघरी पोचल्या. जुन्या गाण्यांत दोन ओळींच्या मध्ये जो लांबवर घसरत जाणारा सूर येतो, तो पुष्कळदा याच जातीच्या वाद्याचा.

आता हातातलं वाद्य खरंच लॅप स्टील आहे का, एवढं बघून घ्यावं. मान चौकोनी किंवा जाडजूड असेल, तारा पट्टीपासून बोटभर वर असतील आणि वाजणाऱ्या तारेची लांबी, म्हणजे नटपासून (मानेच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी) ब्रिजपर्यंतचं (अंगावर तारा टेकतात तो भाग) अंतर, साडेबावीस इंचांच्या आसपास असेल तर शंका नको. खाली पाय जोडायच्या खोबण्या असतील, किंवा दोन-तीन माना शेजारी शेजारी असतील, तर ते कन्सोल स्टील. नटावर वेगळी उंच पट्टी चढवून साध्या गिटारचं रूपांतर केलेलंही असतं. त्याचे परदे वर आलेले असतात, हात फिरवला की कळतं.

सगळ्यात तरुण भाग बोलतो

साल काढण्याचा मुख्य नियम एका वाक्यात सांगता येतो: वाद्यातला सगळ्यात नवा मूळ भाग ज्या काळातला, त्याच्या आधी ते वाद्य बनलेलं असू शकत नाही. कोकणातल्या जुन्या घराच्या छपरावरचं मंगलोरी कौल आठवा. त्यावर कारखान्याचं नाव असतं, काहींवर सालही असतं. पण ते साल कारखाना सुरू झाल्याचं असतं. घर त्याच्या आधीचं नाही इतकंच त्यावरून म्हणता येतं. छप्पर चाळीस वर्षांनीही घातलेलं असेल. आणि मधल्या वादळात चार कौलं फुटून नवी बसवली असतील, तर त्या चारांवरून घराचं वय काढणं म्हणजे शुद्ध गाढवपणा.

गिटारवरच्या पेटंट नंबरचं नेमकं हेच होतं. त्यासाठी इलेक्ट्रिक गिटारच्या अगदी सुरुवातीला जावं लागतं.

तव्यापासून सुरुवात

लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बीचम आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३१ साली रो-पॅट-इन नावाची कंपनी काढली. हवाईयन गिटारचा आवाज बँडच्या गलबल्यात बुडून जायचा, त्यावर त्यांना उपाय हवा होता. बीचमने घोड्याच्या नालेसारखे वाकवलेले दोन चुंबक घेतले, त्यांच्यामध्ये तारेचं वेटोळं ठेवलं आणि गिटारच्या तारा त्या चुंबकांच्या कमानीखालून नेल्या. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेटोळ्यात बारीक वीज निर्माण होते, ती अँप्लिफायरला द्यायची. आज जगात जितक्या इलेक्ट्रिक गिटार आहेत त्यांतल्या जवळपास सगळ्यांचं तत्त्व हेच. १९३२ साली ही गिटार बाजारात आली: गोल अंग, लांब मान, सगळं ओतीव ॲल्युमिनियमचं. दिसायला हुबेहूब तवा, म्हणून नाव पडलं फ्राइंग पॅन. कंपनीच्या यादीत तिचे दोन नमुने होते, ए-२२ आणि ए-२५. आकडे तारेच्या लांबीचे, साधारण साडेबावीस आणि पंचवीस इंच.

पेटंट मिळायला मात्र वेळ लागला. १९३४ साली दाखल केलेल्या अर्जावर १० ऑगस्ट १९३७ रोजी पेटंट मंजूर झालं, नंबर २०८९१७१. वाद्य खरंच चालतं का अशी शंका तपासनिसांना आली आणि कंपनीला वादक पाठवून त्यांच्यासमोर वाजवून दाखवावं लागलं, असं सांगतात. तोवर बाकीच्या कंपन्यांनी आपापली इलेक्ट्रिक स्टील विकायला काढली होती.

यातून आपल्या कामाचं काय निघतं? रिकनबॅकरच्या वाद्यावर 'पेटंट प्रलंबित' एवढंच असेल तर ते बहुधा ऑगस्ट १९३७ पूर्वीचं. वर हा नंबर कोरलेला असेल तर त्यानंतरचं. किती नंतरचं हे नंबर सांगत नाही, कारण तोच नंबर पुढे वर्षानुवर्षं छापला गेला. वाद्यावरच्या पेटंट नंबरचं साल शोधून काढायचं आणि तेच वाद्याचं साल म्हणून जाहिरातीत टाकायचं, ही विक्रेत्यांची आवडती युक्ती. काही जण भोळेपणाने करतात, काही जण मुळीच नाही.

कंपनीचं नावही मदत करतं. रो-पॅट-इन हे नाव १९३४ मध्ये बदलून इलेक्ट्रो स्ट्रिंग इन्स्ट्रुमेंट कॉर्पोरेशन झालं. अगदी सुरुवातीच्या गिटारींच्या डोक्यावर, म्हणजे मानेच्या टोकाच्या खुंट्या असलेल्या भागावर, नुसतं 'इलेक्ट्रो' होतं, रिकनबॅकरांचं आडनाव त्यानंतर चढलं. नावाच्या जुन्या पट्ट्यांवर त्या आडनावात 'के'च्या जागी 'एच' दिसतो, मूळ जर्मन-स्विस लिखाणाप्रमाणे. तो 'एच' दिसला की घाबरू नका, नकली नाही. उलट जुनेपणाची खूण आहे.

पण रिकनबॅकरच्या बाबतीत मी सगळ्यात आधी फूटपट्टी काढतो. नालेच्या आकाराचे चुंबक दुसऱ्या महायुद्धापूर्वी दीड इंच रुंद होते, युद्धानंतर सव्वा इंच झाले. बस, इतकं सोपं. पाव इंचाच्या फरकाने वाद्य युद्धाच्या अलीकडचं की पलीकडचं ते कळतं, आणि वादकांच्या मते आवाजातही तोच फरक आहे, म्हणून किंमतही त्यावरच ठरते. फोटो बघून विकत घेणार असाल तर चुंबकाशेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो मागा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर समजा.

ॲल्युमिनियमच्या तव्याला एक खोड होती. रंगमंचावरच्या दिव्यांनी धातू तापायचा, फुगायचा आणि लावलेले सूर हलायचे. १९३५ मध्ये कंपनीने बेकलाइट या कडक प्लास्टिकचं मॉडेल बी आणलं. काळंभोर, जड, आखूड अंगाचं, मान वेगळी ओतून बोल्टांनी जोडलेली, परदे मानेबरोबरच साच्यातून आलेले. अंगातली पोकळी झाकायला आधी चकचकीत क्रोमच्या पट्ट्या होत्या, पुढे पांढऱ्या रंगवलेल्या आल्या. काळ्यावर पांढरं, म्हणून वादक त्यांना पांडा म्हणतात. युद्धापूर्वीच्या नगांमध्ये तारा अंगाच्या आरपार जाऊन पाठीमागून ओवलेल्या असतात. युद्धानंतर त्या वरच अडकवायची सोय झाली. सुरुवातीला एकच बटण होतं, आवाजाचं. सुरावटीची धार कमी-जास्त करणारं टोनचं बटण नंतर आलं. यातली एकच खूण बघून निकाल देऊ नका. दीड इंची चुंबक, आरपार तारा आणि क्रोमच्या पट्ट्या एकत्र दिसल्या तर चित्र स्पष्ट आहे. दीड इंची चुंबक आणि वर अडकवलेल्या तारा असं जोडकाम दिसलं, तर कोणीतरी दोन वाद्यांचं एक केलंय अशी शंका घ्यायला हवी.

युद्धाची पोकळी

१९४२ मध्ये अमेरिकी सरकारने युद्धसामग्रीसाठी तांबं, पोलाद, ॲल्युमिनियम आणि इतर धातूंच्या वापरावर बंधनं घातली आणि वाद्यनिर्मिती जवळजवळ थांबली. इलेक्ट्रिक स्टील म्हणजे तांब्याची तार, चुंबक आणि धातूचे भाग. त्यामुळे '१९४३ ची लॅप स्टील' किंवा '१९४४ ची' असा दावा कोणी केला तर पुरावा मागावा. उरल्यासुरल्या भागांतून काही नग जुळले असतील, पण अशा जाहिरातींतल्या बहुतेक गिटार १९४६ नंतरच्या निघतात. ही पोकळी आपल्याला फार उपयोगी आहे, कारण तिच्या दोन्ही काठांवर वाद्यांची घडण वेगळी आहे. आधी युद्धापूर्वीचं की नंतरचं एवढं ठरवा. अर्धं काम तिथेच होतं.

फेंडरची गोष्ट या पोकळीच्या शेवटी सुरू होते. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्ती करणारा लिओ फेंडर आणि त्याचा जोडीदार क्लेटन ऊर्फ डॉक कॉफमन यांनी १९४५ मध्ये के अँड एफ नावाने लॅप स्टील आणि अँप्लिफायर बनवायला घेतले. पुढच्याच वर्षी कॉफमन बाहेर पडला. म्हणजे डोक्यावर 'के अँड एफ' असेल तर साल जवळजवळ हातात आहे. त्यांच्या पुष्कळ नगांवर राखाडी, सुरकुतलेला रंग असतो, तो भट्टीत भाजून बसवत. पिकअपही, म्हणजे तारांची हालचाल विजेत बदलणारा चुंबक-वेटोळ्याचा भागही, वेगळा: तारा वेटोळ्याच्या वरून न जाता त्याच्या मधून जातात. या पिकअपचं पेटंट १९४८ मध्ये मिळालं.

फेंडरचं शिकाऊ मॉडेल चॅम्पियन १९४९ मध्ये आलं आणि १९५५ पर्यंत चाललं. पिवळट किंवा निळसर मोतिया प्लास्टिकने मढवलेलं. या प्लास्टिकला अमेरिकी वादक संडासाच्या बैठकीवरून एक टोपणनाव देतात, ते इथे लिहीत नाही. चॅम्पियनचा पिकअप महत्त्वाचा, कारण फेंडरच्या पहिल्या भरीव स्पॅनिश गिटारच्या, म्हणजे आज टेलिकास्टर म्हणून प्रसिद्ध असलेल्या घराण्याच्या, ब्रिजजवळच्या पिकअपचा तो पूर्वज. आणि हेच या बिचाऱ्या वाद्याच्या मुळावर आलं. पिकअप काढून टेलिकास्टरमध्ये बसवायचा आणि अंगात दुसरं काहीतरी घालून विकायचं, असं सर्रास झालं. गिब्सनच्या युद्धपूर्व स्टीलींचेही पिकअप असेच लुटले गेले आहेत. म्हणून चॅम्पियन घेताना झाकणाखाली काय आहे ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. फेंडरची एक छान सवय म्हणजे आतल्या खोबणीत पेन्सिलने तारीख किंवा मास्किंग टेपच्या तुकड्यावर कामगाराचं नाव आणि तारीख. सापडली तर सोनं. सापडली नाही तर काही बिघडत नाही, टेप सुकून गळून पडते.

गिब्सनची अक्षरं

मिशिगनमधल्या कलामझू गावच्या गिब्सन कंपनीने १९३५ मध्ये पहिली इलेक्ट्रिक स्टील काढली, तीही आधी ओतीव ॲल्युमिनियमचीच. ती फार थोडी बनली. १९३६ मध्ये लाकडी अंगाची ईएच-१५० आली आणि तिनेच नाव कमावलं. गिब्सनची खासियत म्हणजे कारखान्याचा बॅच क्रमांक, तो पाठीवर किंवा डोक्याच्या मागे शिक्क्याने उमटवलेला असतो. त्यातलं पहिलं अक्षर साल सांगतं. ए म्हणजे १९३५, बी १९३६, सी १९३७, असं करत एच म्हणजे १९४२. दुसरं अक्षर ब्रँडचं: जी असेल तर गिब्सन, के असेल तर कंपनीचाच स्वस्त ब्रँड कलामझू, डब्ल्यू असेल तर माँटगोमेरी वॉर्ड या टपालाने माल विकणाऱ्या दुकानासाठी बनवलेला नग. १९५२ पासून हीच पद्धत उलट्या क्रमाने आली: झेड १९५२, वाय १९५३, एक्स १९५४, आणि असं मागे येत येत क्यू म्हणजे १९६१. दोन्ही यादींत एकही अक्षर समान नाही, त्यामुळे गोंधळ होत नाही.

१९६० च्या दशकातले गिब्सनचे अनुक्रमांक मात्र विसरूनच जा. एकच नंबर वेगवेगळ्या वर्षी पुन्हा पुन्हा वापरलेला आहे.

डोक्यावरचं नाव बघूनही बरंच कळतं. युद्धापूर्वी तिरकं, हाताने लिहिल्यासारखं 'गिब्सन' असायचं. १९४७ च्या सुमारास ठोकळेबाज आधुनिक अक्षरं आली. त्याच वेळी शिकागोच्या बार्न्स अँड रायनेके या डिझाइन कंपनीकडून वाद्यांची रूपं करून घेतली, म्हणून त्या काळच्या काही स्टीलींच्या मॉडेलची नावं 'बीआर'ने सुरू होतात. त्यातली बीआर-९ ही शिकाऊ मुलांची गिटार १९४७ पासून पुष्कळ बनली आणि आजही मिळते.

एकच अंग, चार नावं

शिकागोच्या व्हॅल्को कंपनीची स्टील हा सगळ्यात जास्त सापडणारा आणि सगळ्यात जास्त चकवणारा प्रकार. व्हिक्टर स्मिथ, अल फ्रॉस्ट आणि लुई डोपेरा यांच्या नावांतली अक्षरं घेऊन १९४३ मध्ये ही कंपनी उभी राहिली. तिने सुप्रो आणि नॅशनल हे स्वतःचे ब्रँड चालवलेच, शिवाय माँटगोमेरी वॉर्डसाठी एअरलाइन नावाने आणि ओहायोतल्या क्लीव्हलँडच्या ओआहू कंपनीसाठी त्यांच्या नावाने तीच वाद्यं बनवली. ओआहू मुळात शिकवण्याचा धंदा करायची. घरोघरच्या पोरांना धडे, नोटेशनची पुस्तकं आणि गिटार असा पूर्ण संच विकायची. स्वतःचा कारखाना नव्हता. म्हणून 'ओआहू कोणी बनवली?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. अंगाचा आकार, पिकअप आणि खुंट्या बघून बनवणारा ठरवावा लागतो, डोक्यावरचं नाव फक्त विकणारा सांगतं.

व्हॅल्कोच्या वाद्यांवर धातूची छोटी पट्टी दोन बारीक खिळ्यांनी ठोकलेली असते, बहुधा डोक्याच्या मागे. व्ही अक्षराने सुरू होणारे नंबर साधारण १९४७ ते १९५१ चे, एक्सचे १९५१ ते १९५८, टीचे १९५८ ते १९६४. पट्टी गळलेली असेल तरी खिळ्यांची दोन भोकं राहतात. ती भोकं असतील तर बनवणारा व्हॅल्को असण्याची शक्यता बरीच आहे. कंपनी १९६७ मध्ये के या शिकागोच्याच कंपनीत मिसळली आणि वर्षभरात दोन्ही बंद पडल्या.

जपानी वाद्यांबद्दल थोडक्यात: गुयाटोन आणि टेस्को या कंपन्यांनी भरपूर लॅप स्टील बनवल्या, कारण जपानमध्ये हवाईयन संगीताची मोठी लाट होती. पट्टीवर 'ऑक्युपाइड जपान' म्हणजे अमेरिकी ताब्यातला जपान असं असेल तर १९५२ च्या नंतरची नाही.

बटणाच्या पोटातला आकडा

आता सगळ्यात भरवशाची खूण, आणि ती बाहेरून दिसत नाही. झाकण काढून आवाजाच्या बटणाखालचा पॉट, म्हणजे बटण फिरवलं की आवाज कमी-जास्त करणारा विजेचा भाग, बघा. त्याच्या पत्र्यावर सहा किंवा सात आकडे ठोकलेले असतात. पहिले तीन आकडे पॉट बनवणाऱ्याचे: १३४ म्हणजे सेंट्रालॅब, १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. शेवटचे दोन आकडे वर्षातल्या आठवड्याचे. मधे उरतो तो सालाचा आकडा. एकूण सहा आकडे असतील तर मधे एकच उरतो, म्हणजे दशकातलं साल. ३०४८३२ म्हणजे स्टॅकपोल, सालाचा शेवट ८, आठवडा ३२. साल १९४८ किंवा १९५८, कुठलं ते वाद्याच्या रूपावरून ठरवायचं. सात आकडे असतील तर साल पूर्ण मिळतं. १३७६६३३ म्हणजे सीटीएस, १९६६, तेहेतिसावा आठवडा. शेवटचे दोन आकडे ५३ च्या वर गेले तर तुम्ही भलताच आकडा वाचताय, कदाचित भागाचा नंबर. पॉट फिरवून दुसरी बाजू बघा. युद्धापूर्वीच्या पॉटांवर हे आकडे सहसा सापडत नाहीत, म्हणून १९३८ च्या म्हणवल्या जाणाऱ्या वाद्यात असा आकडा दिसला तर निदान पॉट तरी बदललेला आहे.

हा आकडा पॉट कधी बनला ते सांगतो. वाद्य कधी जुळलं ते नव्हे. फेंडरने १९६६ मध्ये पॉट इतके घेऊन ठेवले की ते पुढची काही वर्षं वापरले गेले. लॅप स्टीलच्या बाबतीत हे अंतर अजून वाढू शकतं, कारण १९५० च्या दशकाच्या मध्यावर पेडल स्टील, म्हणजे पायाच्या पेडलांनी तारांचे सूर बदलता येणारी स्टील, आली, त्यामागून रॉक अँड रोल आलं, आणि मांडीवरच्या साध्या स्टीलला गिऱ्हाईक उरलं नाही. कारखान्यातल्या डब्यांतले भाग संपेपर्यंत तेच वापरत राहिले.

पॉटवरचं सोल्डर नीट बघा. मूळ जोड गुळगुळीत, मळकट, धूळ चिकटलेला असतो. चकचकीत नवा थेंब, जळलेल्या फ्लक्सचे डाग, प्लास्टिकच्या आवरणाची आधुनिक वायर दिसली की कोणीतरी आत हात घातलाय. मग त्या पॉटचा आकडा बाद. जुनी वायर कापडाने गुंडाळलेली असते, कपॅसिटर मेणाच्या कागदाचा किंवा पुठ्ठ्याच्या नळीचा.

आणखी काही बारीकसारीक. अधिक चिन्हाच्या खाचेचे, म्हणजे फिलिप्स स्क्रू, १९३० च्या दशकाच्या मध्यावर बाजारात आले. १९३३ च्या तव्यावर तसला स्क्रू दिसला तर तो नंतरचा. खुंट्यांच्या प्लास्टिकच्या टोप्या आक्रसून चुरा होत असतील तर घाबरू नका, त्या काळच्या प्लास्टिकची ती जातच आहे. उलट टवटवीत टोप्या दिसल्या तर बदललेल्या असणार. खोक्याच्या किंवा अँप्लिफायरच्या पट्टीवर पत्ता असेल तर जरूर वाचा. अमेरिकेत १९४३ पासून मोठ्या शहरांच्या नावानंतर एक-दोन आकड्यांचा टपाल विभाग लिहायला लागले आणि १९६३ मध्ये पाच आकड्यांचा झिप कोड आला. शहर आणि राज्य यांच्या मधे छोटा आकडा दिसला की पट्टी त्या वीस वर्षांतली, पाच आकडी कोड दिसला की त्यानंतरची. गिटारबद्दलचा हा पुरावा टपाल खात्याकडून मिळतो याची मला दर वेळी गंमत वाटते.

रंग मूळचा आहे का हे काळ्या दिव्याखाली, म्हणजे अतिनील प्रकाशात बघावं. जुनं नायट्रोसेल्युलोज लाखेचं रोगण पिवळसर-हिरवट चमकतं. नंतर मारलेला पट्टा काळसर डागासारखा वेगळा उठतो.

एक हिशोब करून बघू

समजा, डोक्यावर सुप्रो लिहिलेली स्टील समोर आहे. मागच्या पट्टीवर व्हीने सुरू होणारा नंबर. म्हणजे १९४७ ते १९५१. पॉटवर १३४९४०. सेंट्रालॅब, सालाचा शेवट ९, चाळिसावा आठवडा, म्हणजे ऑक्टोबरची सुरुवात. १९३९ शक्य नाही, कारण व्हॅल्कोच नव्हती. १९५९ व्हीच्या काळाबाहेर जातं. उरलं १९४९. सोल्डर मूळचं दिसतंय. म्हणजे वाद्य १९४९ च्या अखेरीपासून १९५१ पर्यंतचं. बरोबर त्याच मोतिया प्लास्टिकने मढवलेला अँप्लिफायर आहे, कारण हे संच एकत्र विकायचे. स्पीकरच्या पाठीवर २२०००६. हाही पॉटसारखाच वाचायचा: २२० म्हणजे स्पीकर बनवणारी जेन्सन कंपनी, सालाचा शेवट शून्य, सहावा आठवडा. १९५० चा फेब्रुवारी. दोन्ही वस्तू सुरुवातीपासून बरोबर असतील तर संच १९५० किंवा १९५१ चा. झाकणाचे स्क्रू फिलिप्स आहेत आणि बाकी सगळे चपट्या खाचेचे, तर ते फिलिप्स कोणीतरी नंतर लावले. निकालात त्यांना जागा नाही. जाहिरातीत लिहायचं तर 'सुमारे १९५०–५१' लिहावं. 'मार्च १९५०' असं कोणी लिहिलं तर त्याला पुरावा विचारावा.

उघडताना काळजी घ्या. मोतिया प्लास्टिक हे सेल्युलोज नायट्रेट, फार ज्वलनशील. सोल्डरिंग आयर्न त्याच्यापासून लांब ठेवा. बेकलाइट ठिसूळ असतं, स्क्रू जोराने आवळला की तडकतं. आणि संचातला अँप्लिफायर मिळाला म्हणून लगेच भिंतीत खुपसू नका. तो अमेरिकेच्या ११०-११७ व्होल्टसाठी बनला आहे. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर लावला तर गिटारचं साल काढायला शिल्लक राहील, स्पीकरचं राहणार नाही. आधी स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या आणि जुने व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून आतले कपॅसिटर तपासून घ्या. काही स्वस्त अँप्लिफायरमध्ये मुख्य ट्रान्सफॉर्मरच नसतो, विजेची लाइन थेट आतल्या पत्र्यापर्यंत पोचते. त्याला जोडलेल्या गिटारच्या तारांना हात लावायच्या आधी ही तपासणी झालीच पाहिजे.